ऊसतोड मजुरांच्या मुलांची हजेरी: शाळांची सरकारी माहिती मागायची कशी आणि वापरायची कशी?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी समाजशास्त्रात पीएचडी करतेय. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा नेमकी किती तुटते, हा माझा विषय आहे. मी बीड जिल्ह्यातलीच. दसरा झाला की मुकादमांची लगबग सुरू होते आणि दिवाळीनंतर वस्त्या ओस पडतात, हे लहानपणापासून पाहिलंय. पण प्रबंधात "पाहिलंय" चालत नाही, आकडे लागतात.

आता अडचण. एका तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात मी पत्र घेऊन गेले. साहेब म्हणाले, "मुलांचा डेटा गोपनीय असतो, वरून परवानगी आणा." बाहेर आले तर तिथल्याच एका ऑपरेटरने विचारलं, "ताई, पेनड्राइव्ह आहे का?" त्याच्या स्क्रीनवर अख्ख्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, फाइल उघडी होती: मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधार, मोबाइल, जात. मला हवं ते सगळं त्यात होतं. मी नको म्हणाले आणि निघाले, पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. रीतसर मागावं तर दार बंद, आणि मागच्या दाराने पोरांचे आधार नंबरसुद्धा मिळतायत.

शिवाय यू-डायसचे, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहितीचे, जाहीर आकडे पाहिले तर पट वर्षभर जिथल्या तिथे. स्थलांतराचा मागमूस नाही. म्हणजे मी चुकीच्या ठिकाणी शोधतेय का? शिक्षण खात्यात काम केलेलं कुणी असेल तर मार्ग दाखवा.

केंद्रातल्या_बाई

रानजाई, तू वयाने लहान असशील असं धरून एकेरीत लिहिते. मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे यू-डायसचे फॉर्म माझ्या हाताखालून वर जायचे.

पेनड्राइव्ह पुढे केला नाहीस, फार बरं केलंस. तो ऑपरेटर बहुधा कंत्राटी असणार. उद्या तुझ्या प्रबंधात ती माहिती दिसली की पहिली गदा त्याच्यावर. आणि त्या यादीतल्या आईने आपला मोबाइल नंबर पोरीच्या शाळेला दिला होता, तुला नाही.

आता यू-डायसचं. त्याची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. टोळ्या निघतात दसरा-दिवाळीनंतर. मोजणी होते तेव्हा पोरं वर्गातच असतात गं, मग आकड्यात स्थलांतर दिसणार कुठून? शिक्षणहक्क कायदा आल्यापासून पहिली ते आठवीतल्या मुलाचं नाव गैरहजर म्हणून कमी करता येत नाही. त्यामुळे पोर जानेवारीत कोल्हापूरकडे फडात असलं तरी पटावर कायम. तू पट बघतेयस, तुला हवी आहे उपस्थिती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली वरपर्यंत जाते तितक्या नीटपणे दुसरी जात नाही.

पटाच्या आकड्यावर शाळेचं काय काय टांगलेलं असतं तेही लक्षात घे. संचमान्यता त्यावर ठरते, म्हणजे शिक्षकांची पदं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, त्याआधी नांदेडला झाली होती. पोरं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नेऊन दाखवू नयेत म्हणून बोटाला शाई लावून मोजणी केली. लाखांच्या घरात नावं नुसती कागदावर निघाली. तेव्हा कुठलाही सरकारी आकडा हातात आला की आधी दोन गोष्टी विचारायच्या: हा कुठल्या रजिस्टरातून आला, आणि तो वाढला किंवा घटला तर कुणाचं काय जातं. हे तुझ्या प्रबंधात पहिल्या प्रकरणात यायला हवं, परिशिष्टात नाही.

आणखी एक. २०२२-२३ पासून यू-डायस विद्यार्थीनिहाय भरतात, त्याआधी शाळेचे एकत्रित आकडे असत. मंत्रालयानेच सांगितलंय की आधीच्या वर्षांशी थेट तुलना करू नका. आणि तुझ्या विषयात महत्त्वाचं म्हणजे यू-डायसमध्ये सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी एवढेच प्रवर्ग. तांड्यावरची बंजारा पोरं आपल्या राज्यात विमुक्त जातीत येतात, तिथे ती ओबीसीत मिसळून जातात. वंजारी समाजाचंही तसंच. तांड्याचं वेगळं चित्र तिथून निघणारच नाही.

मग काय मागायचं? पोषण आहार. शाळेत रोज किती मुलं जेवली याची नोंद असते. आधी वहीत, आता अॅपवर. त्यात नाव नाही, आधार नाही, जात नाही. शाळा, तारीख, पहिली ते पाचवी किती, सहावी ते आठवी किती, बस्स. एकाच शाळेचा सप्टेंबर आणि जानेवारी शेजारी ठेवलास की तुझा प्रश्न तुझ्यासमोर उभा राहील.

अर्थात हाही आकडा जसाच्या तसा घेऊ नकोस. लहान मुलामागे १०० ग्रॅम आणि मोठ्यामागे १५० ग्रॅम तांदूळ असा हिशेब असतो, त्यामुळे साठ्याशी मेळ घालायला नोंद इकडेतिकडे होऊ शकते. हजर असून डबा खाणारी पोरंही असतात. ज्या गावात हंगामी वसतिगृह चालतं तिथे आईबाप गेले तरी पोर आजीजवळ राहतं आणि शाळेतच जेवतं, तिथे घट कमी दिसेल. ती चूक नाही, तो तर तुझ्या कामाचा गाभा आहे. म्हणून वसतिगृह कुठल्या शाळेत आणि किती मुलांचं मंजूर झालं ती यादी सोबत माग. शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित पोराला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते, किती दिली तोही आकडा माग, नुसता आकडा. कार्ड घेतलेलं पोर तिकडच्या शाळेत बसलं का, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी तुला फडावर जावं लागेल.

अर्ज शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या नावाने कर, सोबत मार्गदर्शकांचं पत्र आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी. "डेटा द्या" असं लिहू नकोस. त्या शब्दाने साहेब घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. रकाने लिहून दे. "अमुक तालुका, जिल्हा परिषद शाळा, सप्टेंबर ते एप्रिल, शाळानिहाय दैनंदिन लाभार्थी संख्या, दोन गटांत. विद्यार्थ्यांची कोणतीही वैयक्तिक माहिती नको." हे शेवटचं वाक्य ठळक कर. फाइल खाली टेबलावर आली की कारकून आधी तेच शोधतो. आणि माहिती कुठे ठेवणार, कोण पाहणार, काम झाल्यावर काय करणार, हेही चार ओळींत लिहून दे.

कलम_चार

बाईंनी सांगितलेला रस्ताच आधी धरा. माहिती अधिकार राखून ठेवा. पहिल्याच दिवशी तो अर्ज टाकला की कार्यालय बचावात जातं आणि पुढे सहकार्य मिळत नाही, हा माझा अनुभव.

पण वापरायची वेळ आली तर काही गोष्टी माहीत असाव्यात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. जे अभिलेख कार्यालयात आहेत तेच मागा. तुमच्यासाठी नवा तक्ता तयार करून द्यायला ते बांधील नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालात स्पष्ट केलंय. मात्र माहिती संगणकावर असेल तर ती त्याच स्वरूपात मागता येते. छापील गठ्ठा घेऊ नका, नाहीतर सहा महिने टंकलेखनात जातील.

दुसरं, नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम आले, त्याबरोबर माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. आधी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहित दाखवून त्या कलमातच मागता यायची. आता ती सरसकट अपवादात गेली. कलम ८(२) मधला जनहिताचा मार्ग शिल्लक आहे. हा बदल मला मान्य नाही, रेशन आणि मजुरीच्या याद्या तपासणाऱ्यांचे हात त्याने बांधले जातात. पण तुमच्या कामाला त्याची झळ बसायचं कारण नाही, कारण तुम्हाला नावं नकोच आहेत. एखाद्या नोंदवहीत नावं असलीच तर कलम १० चा उल्लेख करा: वगळण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावा.

आकडेमोड

तांत्रिक बाजू थोडक्यात. शाळांच्या नावांवरून फाइली जुळवू नका. एकच वस्तीशाळा तीन याद्यांत तीन तऱ्हेने लिहिलेली सापडेल, आणि जुन्या फाइली श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतील. ११ अंकी यू-डायस कोडवरून जुळवा. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग तालुका, गाव, शाळा. बीडची सुरुवात २७२७ ने होते.

जुळवून झालं की कोड काढून स्वतःचे क्रमांक द्या. कोड आणि क्रमांक यांची किल्ली वेगळ्या ठिकाणी, पासवर्डखाली. मूळ फाइल ईमेलने कुणालाही पाठवू नका, मार्गदर्शकांनाही नाही.

रानजाई

बाई, किती नेमकं सांगितलंत! पोषण आहाराचा विचार मनातसुद्धा आला नव्हता.

दोन शंका. माझ्या यादीत चौथीपर्यंतच्या वस्तीशाळा आहेत, काहींचा पट दहाच्याही आत. अशा शाळेचा आकडा नाव न देता छापला तरी गावात सगळ्यांना कळेलच की. आणि यू-डायसच्या पोर्टलवर नोंदणी करून शाळानिहाय फाइली मिळतात, त्यात खऱ्या कोडऐवजी टोपण कोड असतो. खोल्या, शिक्षक, पट हे ताडून खरी शाळा शोधणं अवघड नाही. ते करावं का?

केंद्रातल्या_बाई

दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नाही. ज्याने टोपण कोड दिला त्याने एका भरवशावर दिला. येतं म्हणून उलगडलंस आणि तसं छापलंस, तर पुढच्या वर्षी ती फाइलच बंद होईल आणि तुझ्यामागून येणाऱ्यांचा रस्ता जाईल. जिल्हा-तालुका पातळीवर ती वापर, तेवढ्यापुरती ती उत्तम आहे.

पहिली शंका योग्य आहे. समज, तू तक्त्यात लिहिलंस: अमुक केंद्र, सातवी, मुली, सप्टेंबरात ३, फेब्रुवारीत २. नाव कुठेच नाही. पण त्या केंद्रात सातवीपर्यंतची शाळा एकच, आणि न आलेली मुलगी कोण हे किराणा दुकानदारालाही ठाऊक. आपल्या भागात सातवी-आठवीतली मुलगी शाळेतून गेली की लोक लग्नाचाच विचार करतात. ती ऊसतोडीला गेली असेल, आत्याकडे असेल, आजारी असेल. तुझ्या तक्त्यामुळे तिच्या घरावर बोट रोखलं जाता कामा नये. पाचाच्या आतला आकडा छापायचा नाही. दहाची मर्यादा ठेवलीस तर अधिक बरं. छोट्या शाळा केंद्रापर्यंत एकत्र कर, तिथेही संख्या कमी पडली तर तालुक्यापर्यंत जा. आणि बेरजेतून वजा करून लपवलेला आकडा परत काढता येतो का, ते स्वतः करून बघ. बहुतेक जण एवढं बघत नाहीत.

तांड्यावरचे_गुरुजी

नमस्कार. मी अजून नोकरीत आहे, म्हणून नाव लिहीत नाही. वर मुलांची काळजी घेतलीत हे बरोबरच आहे. शिक्षकांचीही घ्या, एवढंच म्हणायचंय.

आमच्या शाळेची उपस्थिती जानेवारीत निम्म्यावर येते. त्यात आमचा दोष नाही. आम्ही दिवाळीआधी घरोघर जातो, बालरक्षक (मुलं शाळाबाह्य होऊ नयेत म्हणून झटणारे शिक्षक) म्हणून पालकांना विनवतो, आजी-आजोबांजवळ पोरं ठेवायला सांगतो. तरी कोयत्याची (ऊस तोडणाऱ्या जोडीची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या आईबापाला धाकट्याला सांभाळायला थोरली लागतेच. मग कुणीतरी आकडा काढतो, तो पेपरात येतो, आणि आम्हाला खुलासा मागतात. पुढच्या वर्षी तीच शाळा आकडा जपून भरते. खरी नोंद ठेवणाऱ्यालाच शिक्षा झाली तर तुम्हाला पुढे खरी नोंद मिळणार नाही.

तेव्हा शाळेची तुलना शाळेशी करू नका. शाळेची तुलना तिच्याच सप्टेंबरशी करा आणि गावातले किती कोयते गेले तेही शेजारी लिहा. आणि पत्रकारांना काही देण्याआधी आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते आकडे मांडा. महिन्याला परिषद असते. कुठला आकडा कशामुळे तसा आहे हे तिथे अर्ध्या तासात कळेल. शाळेत आलात तर कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, दाखवू, पण मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि शाळेतच बसून. फोटो काढू नका.

रानजाई

गुरुजी, मनापासून आभार. शाळांची क्रमवारी लावायचा विचार होता, तो आत्ता सोडला. अर्ज असा करतेय: दोन तालुके, जिल्हा परिषद शाळा, सप्टेंबर ते एप्रिल, दैनंदिन लाभार्थी संख्या, हंगामी वसतिगृहांची मंजूर यादी, हमी कार्डांची केंद्रनिहाय संख्या. वैयक्तिक माहिती नको, हे ठळक. दहाच्या आतले आकडे छापणार नाही, हे अर्जातच लिहिते.

केंद्रातल्या_बाई

छान. एक वाक्य अजून घाल: साफ करून जुळवलेला तक्ता कार्यालयालाही परत देईन. हंगामी वसतिगृहाचे प्रस्ताव करताना त्यांना अगदी हेच लागतं, आणि ते बसून करायला तिथे माणूस नसतो. अर्ज आवक-जावक विभागात देऊन पोच घे. मसुदा इथे टाकलास तर वाचून सुचवते.