फॉर्म भरता भरता ब्राउझर बंद पडते, काय करू?

दारव्ह्याकडचा:
राजेहो, मी गावात लोकायचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज ७. सकाळी बरं चालते, दुपारी रांगते, अन् सातबारा अपलोड करतानाच गपकन बंद! काल एका आजीचा फॉर्म तीनदा भरला. म्हणे, "पोरा, तुह्या डब्यापरीस तलाठी बरा."

वणीवाला:
क्रोम असंल तं शिफ्ट अन् एस्केप संगं दाबा, त्याचा टास्क मॅनेजर उघडते. मेमरीवर क्लिक करा. कोण खाऊन राहिलं ते दिसते.

दारव्ह्याकडचा:
२३ टॅब! अन् सगळ्यात वर कूपन शोधणारं एक्सटेन्शन, म्हंजे ब्राउझरले जोडलेलं जास्तीचं प्रोग्राम. मी टाकलंच नव्हतं, पुतण्याचे प्रताप.

अचलपूरकर:
ते काढा, टॅब पाचावर आणा. पण विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीच्या पुढं जात नाही, २०२३ पासून. मशीन जुनीच ठेवायची तं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून पाहा. अन् पंखा साफ केला का कधी? गरम झालं का प्रोसेसर हळू होते.

दारव्ह्याकडचा:
उघडलं भाऊ. बाजूच्या खोलीत कापूस भरते, पंख्यात उशी भरंल इतकी रुई! आज १४ फॉर्म गेले, एकदाच अडकलं. मिंटचं रविवारी पाहतो.