मदत हवी आहे: हरिहरेश्वरला तंबूपासून तंबूपर्यंत एका दिवसाची पायी फेरी (ओहोटीची वेळ आणि सड्यावरची वाट)

नमस्कार.

येत्या हिवाळ्यात हरिहरेश्वरच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्याजवळ एका वाडीत तंबूत मुक्काम करण्याचे आम्ही ठरवले आहे. त्यातल्या एका पूर्ण दिवसात गाडीला हात न लावता, तंबूपासून निघून पुन्हा तंबूपाशीच आणणारी आणि शक्यतो एकच रस्ता दोनदा तुडवायला न लावणारी पायी फेरी करायची आहे. बरोबर सासूबाई (वय ६५, चालण्याची सवय उत्तम, पण उतारावर गुडघा कुरकुरतो), यजमान आणि दोन शाळकरी मुले असतील. फेरीचा अर्धा भाग माझ्या मते पक्का झाला आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी त्या परिसरात चाललेल्यांची, आणि त्याहून अधिक तिथल्या रहिवाशांची, मदत हवी आहे.

पक्का भाग म्हणजे देवळामागची प्रदक्षिणा. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असे दर्शन घेऊन डोंगराच्या पायऱ्या चढायच्या, पलीकडे दोन कातळांमधल्या अरुंद घळीतून समुद्रापर्यंत उतरायचे आणि डोंगर उजव्या हाताला ठेवून लाटांनी कापून काढलेल्या सपाट खडकावरून पुन्हा देवळाकडे यायचे. या वाटेवरचे कडे वाऱ्याने आणि खाऱ्या पाण्याने मधाच्या पोळ्यासारखे पोखरलेले आहेत आणि मुलांना ते जवळून दाखवायचे आहेत. प्रदक्षिणा उलटी घालायची नसल्यामुळे फेरीची दिशा बदलण्याची मुभा इथे नाही, आणि भरतीच्या वेळी हा खडक पाण्याखाली जात असल्यामुळे वेळ बदलण्याची मुभाही फारशी नाही. या खडकावरून माणसे लाटेबरोबर ओढली गेल्याच्या बातम्या आपण सर्वांनीच वाचल्या आहेत. त्यामुळे "बघू, तिथे गेल्यावर ठरवू" हा सल्ला कृपया देऊ नये.

मुक्कामाची तारीख अजून माझ्या हातात आहे, म्हणून ती तिथीवरून ठरवावी असा विचार केला. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब बहुतेकांना ठाऊक असेल. त्यानुसार पौर्णिमेला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा अपुऱ्या उजेडात. अष्टमीला भरती सकाळी सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या पुढे. वेळ सोयीची, पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराची, ओहोटी असल्यामुळे पाणी फारसे मागे हटत नाही आणि खडक किती उघडा पडेल याची शंका राहते. वद्य तृतीयेला मात्र भरती दुपारी सव्वादोनच्या आसपास आणि त्याआधीची ओहोटी सकाळी आठ-साडेआठला येते, शिवाय पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाचा जोर टिकून असल्यामुळे पाणीही चांगले खाली गेलेले असते. म्हणून वद्य द्वितीया किंवा तृतीयेला जुळणारा दिवस धरावा आणि सकाळी साडेसातला घळ उतरायला लागावे, असे मी मनाशी ठरवले आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहीनच. माझा पहिला प्रश्न असा की, पाणी पूर्ण उतरण्याच्या आधी आणि नंतर किती वेळ हा खडक निर्धास्तपणे चालण्याजोगा असतो, आणि गुडघ्याची तक्रार असलेल्या व्यक्तीने ती घळ उतरावी की देवळापाशीच थांबावे?

फेरीचा दुसरा भाग खाडीकडचा आहे. प्रदक्षिणा आणि न्याहारी आटोपून गावातून रस्त्याने बागमांडल्याला जायचे. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री तिथे समुद्राला मिळण्याच्या बेतात असते, आणि अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी जिल्हा, अशी तिची खाडी दोघांमध्ये पसरलेली आहे. मुलांच्या हट्टापायी वाहने नेणाऱ्या फेरीबोटीने पलीकडच्या काठावरच्या वेसवीला जाऊन लगेच परत यायचे, एवढी चैन या दिवसात बसते. बाणकोटचा किल्ला, ज्याचे इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया असे नामकरण केले होते, तो मात्र मी मुद्दाम वगळला आहे. वेसवीपासून तो चांगलाच लांब आहे, आणि तो धरला तर फेरीची फेरी न राहता धावपळ होईल. किल्ल्याची शिफारस करण्याचा मोह होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

अडचण परतीची आहे. आम्ही बागमांडल्याहून उलटे फिरू तेव्हा पाणी चढलेले असणार, त्यामुळे खाडीच्या मुखाशी काठाकाठाने दक्षिण किनारा गाठण्याचा विचार मी सोडून दिला आहे. डांबरी रस्त्याने परतणे शक्य आहे, पण मग तीच वाट दोनदा होते आणि वळणावर मोटारी अंगावर येतात. उपग्रह-नकाशावर मधल्या डोंगराच्या माथ्यावर सडा, म्हणजे सपाट कातळपठार, दिसतो आणि त्यावरून गेलेली एक फिकट रेघही दिसते. ती गुरांची वाट आहे, जुनी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आहे की नुसता पऱ्ह्या (पावसाळी ओढा) आहे, हे वरून कळत नाही. बागमांडल्याकडून सड्यावर चढून दक्षिण किनाऱ्याकडे उतरणारी पायवाट आज वापरात आहे का, ती कोणत्या वाडीतून चढते आणि उतरताना कुठे येते, हे कुणी खात्रीने सांगू शकेल का? पावसाळ्यानंतर सड्यावरचे गवत कापले जाईपर्यंत वाट सापडत नाही, असा अनुभव इतर ठिकाणी येतो. हिवाळ्याच्या अखेरीस ती मोकळी होत असेल तर मुक्काम महिनाभर पुढे ढकलायला आमची हरकत नाही.

दोन उपप्रश्न आहेत. सड्याकडे जाताना लोकांच्या आगरांतून जावे लागणार असेल, तर बेडे (कुंपणातले फाटक) ओलांडण्यापूर्वी घरी हाक मारून विचारणे पुरेसे आहे, की काही वाटा वाडीतली माणसे परक्यांसाठी बंदच ठेवतात? एखाद्याच्या सुपारीच्या बागेतून दगडी गडगा ओलांडत पाच जणांची वरात न्यावी, हे मला पटत नाही. आणि दुपारच्या जेवणासाठी बागमांडल्याला सकाळी सांगून ठेवल्यास घरगुती जेवण करून देणारे कुणी आहे का? नसल्यास भाकरी-चटणीचे डबे तंबूवरूनच नेऊ. कातळावर सावली नसते, त्यामुळे पाण्याचा साठा आम्ही नेणारच आहोत, पण वाटेत विहीर किंवा नळ असेल तर ओझे थोडे हलके होईल.

वाडीच्या मालकांना या महिनाअखेर तारीख कळवायची आहे. सड्यावरची वाट नसेल तर तसेही स्पष्ट लिहावे. मग प्रदक्षिणेनंतरचा दिवस उत्तरेकडच्या वाळूच्या पुळणीवर घालवू आणि बागमांडल्याला गाडीने जाऊन येऊ.