मदत हवी आहे: बॉर्डरलँड्स 2 चौघांत खेळतोय, पण बंदुकांवरून रोज भांडणं

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं सोलापूरचे, एका बाकावरचे. दोघं अजून इथंच आहोत, मी जुळे सोलापूरला आणि दुसरा विजापूर रोडला. एक पुण्यात आयटीत, एक बंगळूरला. गड्ड्याच्या यात्रेला सगळे गावी आले होते. अक्षतेच्या दिवशी रात्री माझ्या गच्चीवरच्या खोलीत चार लॅपटॉप मांडले आणि लॅनवर हा बंदूकबाजीचा खेळ चालू केला. गेम 2012 चा आहे हे माहितीय, हसू नका. माझ्या लॅपटॉपात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, नवीन काही उघडलं की पंखा विमानासारखा ओरडतो. हा मात्र मस्त चालतो.

त्या रात्री इतकं हसलो की खालून आईनं दोनदा हाक मारली. क्लॅपट्रॅप नावाचा तो बडबड्या डबा, त्याचा डोळाच एक माकडासारखं जनावर उपटून नेतं आणि आपण तो परत आणायचा. खलनायक हँडसम जॅक मध्येच फोन करून सांगतो की त्यानं हिऱ्याचं घोडं घेतलंय. जेवायचं पण विसरलो. शेवटी पहाटे कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन झोपलो. चटणीच्या हातानं माउस धरल्यामुळं तो आजही तेलकट आहे.

आता सगळे आपापल्या गावी गेले आणि ऑनलाइन खेळताना रंग बिघडलाय.

पहिलं म्हणजे माल. या खेळात खाली पडलेली बंदूक सगळ्यांची, जो आधी उचलेल त्याची. आमचा विजापूर रोडवाला साल्वाडोर हे पात्र घेऊन खेळतो, जो दोन्ही हातांत दोन बंदुका धरतो. परवा सुरुवातीच्याच त्या नकल ड्रॅगरला, म्हणजे डोळा उपटणाऱ्या त्या माकडाला, आम्ही परत मारायला गेलो. मी माया हे पात्र घेतलीय, म्हणजे पडलेल्यांना उठवायचं काम माझं. पुणेकर आडवा झाला म्हणून मी मागं वळले, तेवढ्यात तो माकडोबा मेला आणि बर्फावर नारिंगी उजेडाचा खांब उभा राहिला, म्हणजे अगदी दुर्मिळ माल. हॉर्नेट पडली होती! त्या पिस्तुलाच्या गोळ्या आम्लाच्या असतात, लोडर नावाच्या शत्रू यंत्रमानवांचं चिलखत खाऊन टाकतात. मी पळत पोचेपर्यंत खांब गायब. हेडफोनमध्ये साल्वाडोर म्हणतो, "माझे हात दोन आहेत बे, बंदुका पण दोनच लागणार की!" यावर काय बोलणार? उत्तर सुचेना म्हणून जास्त राग आला.

दुसरं, लेव्हल. पुणेकर रात्री एकटाच खेळत बसतो. तो 24 वर, आम्ही तिघं 15 च्या आसपास. त्याच्या खेळात आम्ही गेलो की एका फटक्यात आडवे. तो आमच्यात आला की आम्ही बंदूक उचलायच्या आत मैदान साफ. मग आम्ही नुसते मागनं वेचत फिरतो, शेंगा काढून झाल्यावर रानात फिरतात तसं.

होस्ट, म्हणजे ज्याच्या लॅपटॉपवरून सगळ्यांचा खेळ चालतो तो, आमच्यापैकी कुणी व्हावं तर मे महिना आहे. दुपारी 42, संध्याकाळी वावटळ आणि लाईट गुल. राउटर बंद पडला की चौघंही खेळाबाहेर. न जाणारी लाईट आणि बरं नेट फक्त पुणेकराकडं आहे, आणि नेमका तोच पुढं पळालाय. या त्रांगड्यावर उपाय सांगा. "बॉर्डरलँड्स 3 घ्या" सोडून, कारण वर सांगितलंच.

— — —

प्रतिसाद १

तीन घ्या म्हणणारच होतो! 2019 च्या त्या भागात प्रत्येकाला आपापला माल दिसतो आणि शत्रू पण ज्याच्या त्याच्या लेव्हलचे होतात. असो.

पुणेकराचं सोपं आहे. त्याला सांगा, चौघांसाठी वेगळा कॅरेक्टर काढ आणि तो एकटा असताना उघडायचा नाही. 24 वाल्याशी रात्री काय खेळायचंय ते खेळ. त्याच नवीन कॅरेक्टरवर त्यानं होस्ट व्हायचं. मारलेल्याचे एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, सगळ्यांना मिळतात, त्यामुळं चौघं बरोबरच वर चढाल.

— — —

प्रतिसाद २

लेव्हलचं वर आलंच. मालाबद्दल आमच्या घरचा नियम सांगते, भावंडांत खेळतो आम्ही. बंदुकीचा रंग म्हणजे तिची दुर्मिळता. पांढऱ्या-हिरव्या साध्या बंदुका कुणीही उचलाव्यात, विकायच्याच असतात. निळ्याच्या वर काही पडलं की हात लावायचा नाही. चौघं जवळ यायचं, बंदुकीची माहिती दाखवणारं कार्ड वाचायचं, मग ज्याच्या कौशल्याला बसते त्याची. दोघांना हवी असेल तर द्वंद्व. मित्राला हातानं फटका मारला की आव्हान जातं, आणि त्यात वस्तू पैजेवर पण लावता येतात. माझा धाकटा भाऊ हरला की लॅपटॉप आपटायचा, तो भाग तुमचा तुम्ही बघा.

पैशावरून मात्र भांडू नका, एकानं उचलले तरी सगळ्यांना मिळतात. आणि शिफ्ट कोड, म्हणजे कंपनी फुकट देते ते कोड, टाकून मिळणाऱ्या सोनेरी किल्ल्या आत्ता उधळू नका. त्या किल्ल्यांनी उघडणाऱ्या, खेळातल्या सँक्चुअरी गावातल्या पेटीतला माल तुमच्या लेव्हलप्रमाणे येतो. 15 ला काढलेली बंदूक 20 ला खेळण्यातली वाटते.

— — —

प्रतिसाद ३

हॉर्नेटसाठी कशाला रडताय? मेनूला जाऊन परत खेळात या, नकल ड्रॅगर परत उभा असतो. प्रत्येक वेळी देत नाही, पण देतो. चौघांना मिळेपर्यंत मारा.

— — —

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पुणेकर आधी फुगला, "माझी 24 वाया जाणार का" म्हणून. ती तुझीच आहे, रात्री खेळ, असं समजावल्यावर त्यानं झीरो हे नवीन पात्र काढलं आणि आम्ही तिघांनी पण त्याच्यासाठी पहिल्यापासून चालू केलं. काल पहिली बैठक झाली. इथं दोनदा लाईट गेली, पण मी फोनच्या हॉटस्पॉटवरून परत आत आले, बाकीचे खेळत होते.

नकल ड्रॅगरला सात वेळा मारला. सहा वेळा काही नाही. सातव्यांदा खांब उभा राहिला तेव्हा नियमाप्रमाणं चौघं जवळ आलो, कार्ड वाचलं, पिस्तूल कुणाला जास्त बसतं यावर दहा मिनिटं चर्चा. साल्वाडोर म्हणाला, द्वंद्व. मी फटका मारला.

हरले. त्याच्या दोन्ही हातांत बंदुका होत्या, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. उद्या परत जातोय.