पुडीत नेमकं काय होतं?

[शुक्रवार, सकाळी ६:५२] सुवर्णा पाटील बी-४०२: जोशी काका, काल कट्ट्यावर तुम्ही सासूबाईंना पुडी दिलीत त्यात काय होतं? पहाटे चारपासून सहा वेळा जाऊन आल्यात. पोटात मुरडा आहे. आणि आज पाणी नाही हे काही मी सांगायला नको.

[६:५८] राणे सेक्रेटरी: सुप्रभात 🙏 रात्री १२ पासून शटडाऊन आहे. टाकीत आहे तेवढंच पाणी. जपून वापरा. टँकर ११ चा सांगितलाय.

[७:०४] जोशी काका ए-१०१: सुवर्णा, घाबरू नकोस. वहिनी आठ दिवस तक्रार करत होत्या, पोट साफ झालं हे बरंच झालं. सगळं नैसर्गिक आहे. केमिकलचा कणही नाही.

[७:०५] सुवर्णा पाटील: काका, काय होतं ते विचारलंय.

[७:०९] देशमुख ए-७०१: महापालिकेने पाणी बंद केलं, काकांनी धरणाचे दरवाजे उघडले 😂

[७:१०] सुवर्णा पाटील: देशमुख, त्या ७४ वर्षांच्या आहेत.

[७:११] देशमुख ए-७०१: सॉरी वहिनी. बऱ्या आहेत ना काकू?

[७:१५] सावंत बी-१०४: विषय लीकेजचा चाललाय म्हणून आठवण. बी-२०४ च्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून येतंय. पत्र देऊन तीन महिने झाले.

[७:१६] राणे सेक्रेटरी: सावंत साहेब, तो विषय एजीएमला घेऊ.

[७:२१] शोभाताई सी-२०२: आम्हाला लहानपणी सुट्टी लागली की पहाटे एरंडेल. नाक दाबून, वर कोरा चहा. कोणाला काही झालं नाही बाई.

[७:२४] मेघना फार्मसी सी-६०३: मावशी, तेव्हा तुम्ही दहा वर्षांच्या होतात, बीपीची गोळी चालू नव्हती. सुवर्णाताई, आजींना कुठल्या गोळ्या आहेत?

[७:२७] सुवर्णा पाटील: बीपीची एक. पाय सुजतात म्हणून लघवी होण्याची एक. रक्त कमी निघालं म्हणून महिन्यापासून लोहाची. काका, पुडीत काय होतं?

[७:३३] जोशी काका: सोनामुखी, बाळहिरडा, बडीशेप, चवीला सैंधव. जांभळी नाक्याहून सामान आणून स्वतः कुटतो. एक चमचा कोमट पाण्यातून. मी स्वतः १२ वर्षं रोज घेतोय.

[७:३५] सुवर्णा पाटील: एक चमचा हे कुठे लिहिलं होतं? पुडी जुन्या कॅलेंडरच्या पानाची, त्यावर फक्त संकष्टी छापलेली. त्यांनी साडेसातला एक चमचा घेतला, दहापर्यंत काही झालं नाही म्हणून आणखी एक.

[७:३६] जोशी काका: मग दुप्पट घेतल्यावर माझा काय दोष?

[७:३७] पाटील बी-४०२ (मिलिंद): काका, २०२० चा काढा विसरलो नाही आम्ही. अर्धी विंग छातीत जळजळ घेऊन बसली होती.

[७:४१] मेघना फार्मसी: भांडण नंतर. सोनामुखीचा गुण मोठ्या आतड्यात पोचल्यावर येतो, ६ ते १२ तास लागतात. म्हणून रात्री घेतात नि सकाळी जातात. दोन तासांत झालं नाही म्हणून दुसरा चमचा घेतला की पहाटे हेच होणार. शिवाय सोनामुखीच्या तयार गोळीत मात्रा मोजलेली असते, घरी कुटलेल्या पानात किती उतरली ते कोण सांगणार?
आजींची खरी काळजी वेगळी आहे. लघवीच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम कमी होतं, जुलाबांनीही होतं. पाय गळून गेले, छातीत धडधड, चक्कर, उलटी, रक्त यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. तोवर ओआरएस घोट घोट. लघवीची गोळी आज द्यायची की नाही ते डॉक्टरांना फोन करून विचारा, मनाने बंद करू नका.

[७:४४] सुवर्णा पाटील: लघवी लालसर झालीय गं. त्यालाच जास्त घाबरल्यात.

[७:४६] मेघना फार्मसी: सोनामुखीने रंग येतो तसा. तरी डॉक्टरांना सांगाच. आणि बद्धकोष्ठ लोहाच्या गोळीपासून सुरू झालं का विचारा. फार जणांना होतं. त्यांना पुडी नाही, गोळी बदलून हवी असेल.

[७:५२] सावंत बी-१०४: बी-२०४ लीकेज. फोटो पुन्हा टाकतोय.

[७:५५] देशमुख ए-७०१: मेघना, मी रात्री इसबगोल कोरडाच तोंडात टाकतो आणि झोपतो. चालतं ना?

[७:५७] मेघना फार्मसी: अजिबात नाही! तो पाणी ओढून फुगतो, घशात अडकेल. पूर्ण ग्लासभर पाण्यातून घ्या, घेऊन लगेच आडवे होऊ नका. बाकी गोळ्यांपासून दोनेक तास लांब.

[७:५८] देशमुख ए-७०१: ग्लासभर पाणी? आज?

[८:०३] जोशी काका: मी बारा वर्षं घेतोय, मला काही नाही झालं. हल्लीच्या मुलांना आपल्या गोष्टींवर विश्वास नाही.

[८:०६] मेघना फार्मसी: काका, सोनामुखी आपलीच आहे, गोळीतही तीच असते. पण आठवड्याच्या वर सलग घ्यायची तर डॉक्टरांना विचारून. आणि बारा वर्षं रोज लागतेय म्हणजे का लागतेय ते एकदा तपासायला नको? रागावू नका.

[८:१९] जोशी काका: रागावलो नाही.

[९:४०] सुवर्णा पाटील: डॉक्टरांशी बोलले. लघवीची गोळी आज नाही, संध्याकाळी रक्ततपासणी. लोहाचीही दुसरी देणार आहेत. आठनंतर परत जावं लागलं नाही. मऊ भात खाल्ला. मेघना, थँक्यू गं.

[९:४८] जोशी काका: वहिनींना सांग, मी दुपारी येऊन जातो. शहाळं आणतो.

[९:५१] सुवर्णा पाटील: या काका. मेघनाला विचारून आणा. आणि त्या विचारतायत, उरलेल्या पुडीचं काय करायचं.

[९:५३] जोशी काका: परत दे. नाव आणि मात्रा लिहून ठेवतो.

[९:५४] मिलिंद पाटील: फेकली.

[११:२०] राणे सेक्रेटरी: टँकर आला. बी विंगला आधी सोडतोय.

[११:२१] सावंत बी-१०४: म्हणजे अर्ध्या तासात आमचं छत.