सर्मोरेलिन: ‘आपलंच हार्मोन’ म्हणून निर्धोक?

एका चर्चेत एकांनी लिहिलंय की सर्मोरेलिन हे टोचून घ्यायचं औषध बाहेरून वाढीचं हार्मोन देत नाही, आपलंच हार्मोन वाढवतं, म्हणून जिमला जाणाऱ्या पोरांनी घ्यायला हरकत नाही. पहिलं म्हणणं बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला अजिबात पटत नाही.

‘वाढीचं हार्मोन सोड’ हा निरोप मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला ४४ अमिनो आम्लांच्या साखळीतून धाडतो. ही साखळी १९८२ मध्ये पहिल्यांदा हाती लागली ती मेंदूत नव्हे, तर स्वादुपिंडातल्या गाठीत! पुढे कळलं की पहिल्या २९ दुव्यांतच काम भागतं. तेवढाच तुकडा कृत्रिमरीत्या बनवला की झालं सर्मोरेलिन. हार्मोन फार झालं की सोमॅटोस्टॅटिन हे त्याला रोखणारं शरीरातलंच दुसरं हार्मोन लगाम खेचतं, ही व्यवस्था इथे शाबूत राहते. थेट हार्मोन टोचलं की ती डावलली जाते. हे सगळं खरंच सुंदर आहे.

पण अमेरिकेत १९९७ मध्ये सर्मोरेलिनला मान्यता मिळाली ती वाढ खुंटलेल्या मुलांवरच्या उपचारासाठी, धडधाकट माणसाचे दंड फुगवायला नव्हे. याच जातकुळीतलं टेसामोरेलिन हे औषध कॅन्सरच्या रुग्णाला देत नाहीत, आणि ते घेणाऱ्याची रक्तातली साखर तपासत राहावी लागते. स्पर्धांत उतरणाऱ्यांनी तर हेही लक्षात घ्यावं की वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीनुसार सर्मोरेलिनवर वर्षभर बंदी असते, फक्त स्पर्धेच्या दिवशी नाही.

आणि ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेली कुपी ऑनलाइन मागवून कुणी टोचून घेणार असेल, तर कृपा करून आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरला, भेटा.