मदत हवी आहे: तिकिटं काढली अन् मेन राइडच बंद निघाली

कापूसकोंड्या
राजेहो, लवकर सांगा. अॅम्युझमेंट पार्कची सहा तिकिटं काढली, पैसे कटले, अन् आज पाहतो तर मेन राइड दुरुस्तीसाठी बंद. फोन लावला तर बाई म्हणते, "बाकी सगळं सुरू आहे सर." बाकी सगळं पाहाले कोण चाललं? पोट्ट्यानं दोन महिने त्या एकाच राइडचे व्हिडिओ पाहिले आहेत. पैसे वापस भेटतात का? का जाऊनच घ्यावं? शनवारच्या आत ठरवाचं आहे, गाडी सांगून ठेवली आहे.

पांदणवाट
कोणतं पार्क? कोणती राइड? कवा चालले? तुमच्या मनातलं आमाले कसं दिसन भाऊ?

चष्मेवाले_मास्तर
तिकीट पार्कच्या साइटवरून काढलं की मधल्या एखाद्या अॅपवरून? आणि ज्या दिवशी काढलं त्या दिवशी राइड बंद असल्याचं लिहिलेलं होतं का? एवढं सांगा, मग बोलता येईल.

कापूसकोंड्या
पार्क हैदराबादकडचं. नाव कायले लिहू, उगाच भांडण. राइड म्हणजे ते माणसाले उलटं टांगते ते. पोळा झाला की चाललो. तिकीट त्याहीच्याच साइटवरून काढलं. राइड बंद असल्याची पट्टी साइटवर आज दिसली, तवा होती का नव्हती आठवत नाही.

मुक्काम_कोथरूड
हैदराबाद कशाला? खोपोलीजवळचं इमॅजिका करा. २०१३ पासून सुरू आहे, तिथला नायट्रो रोलर कोस्टर एकदा अनुभवायलाच हवा. आम्ही पहाटे निघून संध्याकाळी घरी परत!

पांदणवाट
कोथरूडकर, माणूस पाटणबोरीकडचा दिसते. पैनगंगा ओलांडली की त्याले तेलंगणा. नकाशा उघडून पाहा, खोपोली त्याले हैदराबादच्या दुपटीच्या आसपास पडते.

मुक्काम_कोथरूड
मी फक्त पर्याय सुचवला.

टर्बाइनवाला
मी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात मेंटेनन्सले होतो, आता निवृत्त. २९२० मेगावॉटचं केंद्र आहे, पण सगळे संच कधी एकदम खोलत नाही. पाळीपाळीनं एकेक संच बंद करून ओव्हरहॉलिंगले घेतात. तवाही लोक म्हणत, चांगलं चालू होतं, बंद कायले केलं? चालू असतानाच बंद करा लागते बाप्पा.

कोस्टरच्या डब्याले चाकं फक्त खाली नसतात. वरून रुळावर चालणारी वेगळी, बाजूनं धरणारी वेगळी, अन् रुळाच्या खालून पकडणारी वेगळी. उलटं झाल्यावर डबा पडत नाही तो या खालच्या चाकांमुळं. त्यायवर पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या टणक प्लास्टिकचा थर असते, तो घासते, बदलावा लागते. मग डबा पूर्ण सुटा करतात, वेल्डिंगच्या जागेवरचा रंग खरवडतात, लोखंडात चुंबकत्व भरून त्यावर बारीक चुंबकी भुकटी टाकतात. जिथं केसाएवढी भेग असते तिथं भुकटी रेघ धरून बसते. डोळ्याले एरवी ते दिसतच नाही.

अन् चढावर टकटक आवाज येते ना, तो साखळीचा नसते. साखळी तुटलीच तर गाडी मागं येऊ नये म्हणून एक खटका दात्यांवर पडत जाते, त्याचा असते. तो खटकाही काढून तपासतात. याले दिवस लागतात, एका रात्रीत होत नाही.

वणीच्या_जत्रेतला
काकाजी, आमच्या वणीच्या जत्रेत ब्रेकडान्सवाला दोन नट आवळते, हातभर ग्रीस लावते अन् पोट्टे बसवते. आजवर काही झालं नाही.

टर्बाइनवाला
झालं नाही म्हणून होत नाही का? त्या ब्रेकडान्सची पिन शेवटची कवा बदलली, विचारून या. मग बसवा आपले लेकरं.

कापूसकोंड्या
काकाजी, मले खोलून पाहाले ना नाही. पण नेमकं पोळ्यानंतरच काऊन? सोयाबीन कापाले वेळ आहे, कपाशी फुटाची आहे, आमाले वर्षात हेच आठ-दहा दिवस सापडतात. नेमकं तवाच हे कुलूप लावतात.

जिनिंगचा_मुनीम
मी सांगतो. तुमच्या गावाजवळचा जिनिंगवाला मशीन कवा खोलते? दिवाळीच्या तोंडावर खोलते का? पावसाळ्यात, जवा कापूस नाही, तवा रोलर काढते, पट्टे बदलते. पार्कवाल्याचा कापूस म्हणजे शाळेच्या सुट्ट्या. मे महिना अन् डिसेंबर त्यांचा सीझन. पाऊस असला की गर्दी कमी, अन् वीज चमकली की उघड्यावरच्या राइड तशाही थांबवतात. मंग तवाच खोलन नं. तुमची फुरसत अन् त्यांची मंदी एकाच पंधरवड्यात येते, याले इलाज नाही.

गाव_वणी_नोकरी_बंगलोर
तरी हे लोक आधी ठळक सांगत नाहीत हा राग खरा आहे. अमेरिकेत डिस्ने आपल्या साइटवर कोणती राइड कधी बंद ते आधीच टाकते, लोक ते पाहून सहल ठरवतात. टोकियो डिस्नेलँडमधली स्पेस माउंटन राइड २०२४ च्या जुलैअखेर बंद केली तेव्हाच सांगून टाकलं की नवीन २०२७ ला. पण तिथंही लोक शांत असतात असं नाही. फ्लोरिडातली स्प्लॅश माउंटन २०२३ च्या जानेवारीत कायमची बंद झाली, तर शेवटच्या दिवशी तासन्तास रांगा, अन् काहींनी त्या राइडचं पाणी बाटलीत भरून ऑनलाइन विकायला काढलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच जागी दुसऱ्या गोष्टीची राइड उघडली, तीही पाण्याचीच.

पांदणवाट
राइडचं पाणी विकत? आमच्या इथं मार्चपासून टँकरची वाट पाहतो, त्याही बाटल्या भरून ठेवाव्या म्हणतो.

बुलडाण्याची_ताई
आमच्या लहानपणी शेगावचं आनंदसागर म्हणजे हेच होतं. मधात तळं, बेटावर ध्यानकेंद्र, अन् ती छोटी आगगाडी. मग मधली कितीतरी वर्षं बंदच होतं. दर वेळी दर्शनाला गेलं की लेकरं विचारायची, गाडी सुरू झाली का? कचोरी खाऊ घालून गप्प करावं लागे.

वणीच्या_जत्रेतला
ताई, कचोरी तिथं कोणाची चांगली?

चष्मेवाले_मास्तर
कचोरीचा वेगळा धागा काढा. कापूसकोंड्या, तिकिटाच्या अटी वाचा. "पूर्वसूचना न देता राइड बंद राहू शकते" असं वाक्य बहुतेक ठिकाणी असतंच.

हक्काचं_बोला
वाक्य छापलं म्हणून झालं का? १९१५ ला फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्यासाठीच आहे. सोडू नका!

चष्मेवाले_मास्तर
साहेब, यवतमाळच्या किती चकरा, वकिलाचे किती, अन् तिकीट कितीचं? सबंध पार्क बंद असतं तर मीही म्हणालो असतो. एका राइडपायी माणसाला आयोगात नेऊ नका. पैसे मागू नका, तारीख बदलून मागा, ते लवकर देतात.

हक्काचं_बोला
अशा सल्ल्यांनीच त्यांचं फावतं.

टर्बाइनवाला
एक कोणी विचारलंच नाही. पोरगं केवढं आहे? वय नाही, उंची.

कापूसकोंड्या
भाचा आहे, सातवीत. उंचीचं काय?

टर्बाइनवाला
अशा उलट्या कोस्टरले बऱ्याच ठिकाणी १४० सेंटीमीटरची अट असते. खांद्यावरचा दांडा कमी उंचीच्या लेकराले नीट बसत नाही. त्या पार्कच्या साइटवर राइडखाली लिहून असन, पाहा. अन् पोराले मोजा आधी.

कापूसकोंड्या
पाहिलं. १४०च लिहून आहे. दाराच्या चौकटीले उभा करून मोजला. १३६. टाचा उचलत होता, बहिणीनं पाय धरले.

पांदणवाट
म्हणजे राइड चालू असती तरी गेटवरून वापस! तिथं किती बोंबलला असता तो.

कापूसकोंड्या
तो आताच बोंबलून राहिला. "मामा तुमी कायले मोजलं" म्हणते. राइड बंद आहे याचा राग गेला, आता माझ्यावर आहे.

वणीच्या_जत्रेतला
तारीख संक्रांतीले ढकला, तवरक वाढते.

जिनिंगचा_मुनीम
चार महिन्यात चार सेंटीमीटर? पोरगं आहे का तूर?

कापूसकोंड्या
फोन झाला. पैसे वापस नाही, पण तारीख एक डाव बदलून देतात, सहा महिन्यांच्या आतली. घरचे म्हणतात, आताच जाऊ, लहानीले पाण्यात खेळाचं आहे, अन् एकाच पोरासाठी सहा जण कायले थांबाचे? संक्रांतीले कापूस घरात असते, तवा निघणं होत नाही हेही खरं. भाच्याले म्हटलं, बाहेरून तरी पाहू कशी खोलतात ते. तर म्हणते, "भुकटी टाकताना दिसन का?" काकाजी, तुमचं लिहिलेलं त्यानं सगळं वाचलं.

टर्बाइनवाला
भुकटीचं काम आत शेडमध्ये करतात, पाव्हण्याले दिसत नाही. पण रुळावर डबे नसले की खालचे खटक्याचे दाते दिसू शकतात. चढाच्या बाजूनं उभं राहून पाहा म्हणा त्याले.

मुक्काम_कोथरूड
पुढच्या वर्षी इमॅजिकाचा विचार नक्की करा.

पांदणवाट
कापूसकोंड्या, गाडी सात सीटची आहे का? सहा जण म्हणता तर एक जागा असन. मले आदिलाबादले उतरून द्या, डिझेलचं पाहून घेऊ.