सोसायटीच्या ग्रुपवर: काकांचा डिस्चार्ज अडलाय, काय करायचं?

बी-२०३: बाबांना डॉक्टरांनी सकाळीच घरी सोडायला सांगितलं. कॅशलेसची फायनल फाइल बाराला इन्शुरन्सकडे गेली, आता पाच वाजत आले. बिलिंगवाले म्हणतात, अप्रूवल येईपर्यंत चाळीस हजार भरा, नाहीतर पेशंट सोडणार नाही. कोणाला काही माहीत आहे का?

ए-७०१: आम्ही आठ-दहा जण निघतो लगेच. आवाज चढवल्याशिवाय ऐकत नाहीत हे.

सी-४०४: दादा, कृपा करून नको. तिथे धक्काबुक्की झाली तर हॉस्पिटलमधल्या हिंसेविरुद्धचा २०१० चा राज्याचा कायदा लागतो, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. काकांची बाजू भक्कम आहे, आपणच ती का बिघडवायची?
बी-२०३, आधी इन्शुरन्स कंपनीला फोन आणि ईमेल दोन्ही करा. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवरचं सरकारी नियामक, त्यांच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. त्यापुढच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. ईमेलमध्ये परिपत्रकाची तारीख आणि फाइल गेल्याची वेळ घाला. हे वाचलं की सूर बदलतो.

डी-१०२: आमच्या ह्यांच्या वेळी तर औषधंसुद्धा बाहेरून आणू देत नव्हते. सगळं त्यांच्याच मेडिकलमधून.

सी-४०४: काकू, औषधं आणि तपासण्या कुठून करायच्या हे ठरवण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले, तेव्हापासून रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावंच लागतं. आत शिरलात की आधी तो फलक शोधा, दिसला नाही तर विचारा.

ए-७०१: पण ताई, बिल बाकी असताना सोडायलाच लागतं? त्यांनी पैसे वसूल कसे करायचे?

सी-४०४: रास्त प्रश्न आहे. त्यांचे पैसे बुडावेत असं कोणीच म्हणत नाही. येणं असेल तर नोटीस द्यावी, दावा लावावा. पण माणूस तारण ठेवता येत नाही. बिलासाठी रुग्णाला अडकवून ठेवणं बेकायदा आहे, हे मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलंय. मृतदेहाच्या बाबतीतही तेच. आजारी माणसाला अशा वेळी काउंटरवर ताटकळवणं मला सहनच होत नाही.
बी-२०३, त्यांना म्हणा, "सोडत नाही हे लेटरहेडवर सही करून द्या." बहुतेक वेळा तिथेच गाडी पुढे सरकते. नाहीच ऐकलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. हॉस्पिटलची नोंदणी आपल्या नवी मुंबई महापालिकेकडे असते, म्हणून बेलापूरच्या मुख्यालयात आरोग्य विभागालाही प्रत पाठवा.

बी-२०३: ताई, लेटरहेडचं बोलले. मॅनेजर आत गेलेत. चार्जेस वेगवेगळे दाखवलेलं बिल मागू का?

सी-४०४: मागाच, तो हक्कच आहे. आणि केस पेपर्स, रिपोर्ट, औषधांच्या नोंदी यांच्या कॉपीसाठी आत्ताच अर्ज द्या. मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचं बंधन २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत आहे. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर हीच कागदं लागतात, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

ए-७०१: मी गाडी घेऊन येतो, एकटाच. काकांना न्यायला लागेल ना.